क्षितिजाखालून येणारा पाहुणा

मंडळी, पुण्यात राहणाऱ्याला सुखोईची ओळख करून द्यावी लागत नाही. विमाननगर, धानोरीकडचे मित्र फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प होतात, अर्धा मिनिट जातं, आणि मग "हां, काय म्हणत होतो मी?" अशी पुन्हा गाडी सुरू होते. लोहगावच्या त्या आवाजाची आपल्याला इतकी सवय झालीय की आपण वर बघतसुद्धा नाही. पण ही विमानं नेमकी कशासाठी आहेत असं विचारलं तर बहुतेक जण "दुसऱ्या विमानांशी लढायला" असंच सांगतील. जहाज बुडवायला, असं कुणी म्हणणार नाही. आणि पुण्याचा समुद्राशी काय संबंध, हा प्रश्न तर हमखास येईल!

संबंध आहे, आणि जुना आहे. हवाई दलाची ६ नंबरची स्क्वॉड्रन, जिला 'ड्रॅगन्स' म्हणतात, ती अनेक वर्षं लोहगावला होती. तिचं काम होतं समुद्रावर जाऊन शत्रूची जहाजं गाठणं. तिच्याकडच्या जग्वार विमानांच्या नाकात 'अगाव्ह' नावाचा फ्रेंच रडार होता आणि पोटाखाली 'सी ईगल' हे ब्रिटिश क्षेपणास्त्र. या अगाव्ह रडारची गोष्ट पुढे येणार आहे, तेव्हा नाव लक्षात ठेवा. दुसरा संबंध पाषाण-सुतारवाडीचा. तिथल्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं मूळ काम म्हणजे रॉकेटची इंधनं आणि स्फोटकं. भारताचं पहिलं स्वदेशी, विमानातून सोडायचं जहाजविरोधी क्षेपणास्त्र ज्या प्रयोगशाळांनी मिळून बनवलं त्यात तीही आहे.

(आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. 'प्रक्षेपणास्त्र' की 'क्षेपणास्त्र' हे मला आजीला विचारावं लागलं. तेव्हा जिथे मराठी शब्द ओढून-ताणून आणावा लागेल तिथे मी सरळ इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिणार आहे.)

आता मूळ प्रश्न. जहाज बुडवायला क्षेपणास्त्रच का? साधा बॉम्ब का नाही? उत्तर सोपं आहे. जहाज हलतं, वळतं आणि उलट गोळ्याही झाडतं. दुसऱ्या महायुद्धात कित्येक वैमानिक बॉम्ब टाकायला जहाजाच्या डोक्यावर गेले आणि तिथेच संपले. म्हणून जर्मनांनी १९४३ साली बॉम्बलाच वळायला शिकवलं. 'फ्रिट्झ एक्स' हा साधारण १४०० किलोचा बॉम्ब. त्याला पंख, शेपटीत रेडिओ रिसीव्हर आणि एक झगझगीत दिवा. विमानातला माणूस तो दिवा बघत बघत जॉयस्टिकनं बॉम्बला जहाजाकडे वळवायचा. आपण व्हिडिओ गेम खेळतो तसंच, फक्त समोर खरी माणसं. ९ सप्टेंबर १९४३ ला इटलीची 'रोमा' ही युद्धनौका अशाच दोन बॉम्बनी फुटून दोन तुकडे होऊन बुडाली. बाराशेहून जास्त माणसं गेली.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला अल्जीरियाजवळ 'रोहना' नावाचं जहाज बुडालं. हे मात्र युद्धनौका नव्हतं. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं हे प्रवासी जहाज, म्हणजे आपल्याच समुद्रातून चालणाऱ्या कंपनीचं. युद्धात ते सैनिक वाहायला घेतलेलं. खलाशी भारतीय, आत खच्चून भरलेले अमेरिकन सैनिक. जर्मन विमानातून सोडलेला 'एचएस २९३' हा रॉकेट लावलेला ग्लायडर बॉम्ब त्याच्या कुशीत शिरला. एक हजाराहून जास्त अमेरिकन सैनिक त्यात गेले, शिवाय कितीतरी खलाशीही. अमेरिकेनं ही बातमी बराच काळ दाबून ठेवली, कारण अशा शस्त्राचा परिणाम किती भयंकर होतो हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. आजही इंटरनेटवर 'रोमा'चे फोटो भरपूर सापडतात, पण रोहनाच्या भारतीय खलाशांबद्दल चार ओळी मिळायलासुद्धा शोधाशोध करावी लागते. हे मला खटकलं.

जॉयस्टिकच्या पद्धतीत दोन मोठे लोचे होते. एक, बॉम्ब लागेपर्यंत विमानाला तिथेच, जवळपास सरळ उडत राहावं लागायचं, म्हणजे स्वतःच निशाणा व्हायचं. दोन, रेडिओवर हुकूम जातोय म्हटल्यावर दोस्तांनी तो रेडिओच जाम करायला सुरुवात केली. म्हणून पुढच्या तीस वर्षांत सगळ्यांचा प्रयत्न एकच, की माणसाला मधून काढा. क्षेपणास्त्राच्या नाकातच छोटा रडार बसवा, म्हणजे ते स्वतःच जहाज शोधेल. सोडा आणि पळा!

इथे थोडं गणित, घाबरू नका, बारावीच्या पलीकडचं नाही. पृथ्वी गोल आहे म्हणून रडारला क्षितिजाखालचं दिसत नाही. रडारच्या लहरी किंचित वाकतात हे धरून एक सोपं सूत्र आहे: दोघांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा, तिला ४.१२ नी गुणा, किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. जहाजाचा रडार २० मीटरवर आणि विमान १० हजार मीटरवर असेल तर उत्तर येतं सुमारे ४३० किलोमीटर. म्हणजे इतक्या लांबून विमान पकडलं जाणार. तेच विमान ६० मीटरवर उतरलं तर ५० किलोमीटर. आणि क्षेपणास्त्र लाटांपासून फक्त ३ मीटरवरून आलं तर? साडेपंचवीस किलोमीटर. आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, म्हणजे सेकंदाला ३०० मीटरनं येणाऱ्या क्षेपणास्त्राला हे अंतर कापायला लागतात ८५ सेकंद.

पंच्याऐंशी सेकंद म्हणजे कँटीनमध्ये कटिंग सांगून ती टेबलावर यायच्या आतला वेळ. तेवढ्यात रडारवरच्या माणसानं ठिपका ओळखायचा, तो पक्षी नाही, लाट नाही, आपलं विमान नाही हे ठरवायचं, वर कळवायचं, वरच्यानं हुकूम द्यायचा आणि तोफ किंवा क्षेपणास्त्र सुटायचं.

लाटांवरून इतकं खाली उडायचं म्हणजे क्षेपणास्त्राच्या पोटात रेडिओ अल्टिमीटर लागतो. तो खाली लहर पाठवतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची मोजत राहतो. पुढचा प्रश्न असा की क्षेपणास्त्र वाटेत असताना जहाज काही थांबून राहत नाही. ५० किलोमीटर यायला जवळजवळ पावणेतीन मिनिटं लागतात. ३० नॉट्सनं पळणारं जहाज तेवढ्यात अडीच किलोमीटर सरकतं. म्हणून प्रवासाचे दोन भाग. आधी जायरोस्कोपच्या भरवशावर 'तिथे कुठेतरी' जायचं, आणि शेवटी नाकातला सीकर चालू करून आपलं जहाज शोधायचं. सीकर उशिरा चालू करण्यामागे कारण आहे. रडार चालू झाला की त्याच्या लहरी जहाजाला ऐकू येतात. अंधारात टॉर्च लावणारा चोर आधी स्वतःच दिसतो, तसंच.

हे सगळं कागदावरून समुद्रावर आलं १९८२ साली, फॉकलंडच्या युद्धात. अर्जेंटिनाकडे फ्रान्सची 'सुपर एतांदार' विमानं आणि 'एक्झोसेट' क्षेपणास्त्रं होती. क्षेपणास्त्रं किती? फक्त पाच! बाकीची यायच्या आधीच फ्रान्सनं पुरवठा थांबवला. विमानाच्या नाकातला रडार कोणता? तोच अगाव्ह, जो पुढे लोहगावच्या जग्वारमध्ये आला. ४ मे १९८२ ला दोन विमानं समुद्राला चिकटून आली, क्षणभर वर चढून रडारनं जहाजं बघितली, पुन्हा खाली गेली, दोन एक्झोसेट सोडली आणि घरी परतली. त्यातलं एक ब्रिटनच्या 'शेफील्ड' या विनाशिकेला लागलं.

शेफील्ड काही जुनाट जहाज नव्हतं. पण त्या वेळी ती उपग्रहावरून संदेश पाठवत होती, आणि त्या ट्रान्समिशनमुळे शत्रूचा रडार ऐकणारं तिचं यंत्र नीट काम करू शकत नव्हतं. शेजारच्या 'ग्लासगो' जहाजानं इशारा दिला होता, पण तो मानला गेला नाही. शेवटी क्षेपणास्त्र दिसलं ते डोळ्यांनी, आदळायच्या काही सेकंद आधी. वीस माणसं गेली. आग विझवायच्या पाण्याची मुख्य लाइनच फुटल्यामुळे आग आटोक्यात आली नाही, आणि १० मे ला ओढून नेताना जहाज बुडालं. एक्झोसेटमधली १६५ किलोची स्फोटकं फुटलीच नाहीत, नुसत्या न जळलेल्या इंधनानं आग लावली, असं त्या वेळच्या चौकशीत म्हटलं होतं. २०१५ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं पुन्हा तपासणी केली तेव्हा मात्र ती फुटली होती असा निष्कर्ष निघाला. ई अँड टीसीवाल्यांनी लक्ष द्यावं: दोन अँटेनांचं एकमेकांशी न पटणं, ज्याला आपण इंटरफिअरन्स म्हणून व्हायवाला पाठ करतो, त्याची किंमत इथे वीस जीव होती.

आता यातला आपला धागा. अर्जेंटिनाला खरं तर विमानवाहू जहाजं हवी होती. ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती 'हर्मिस'. ती बुडाली असती तर युद्धाचा निकाल कदाचित वेगळा लागला असता. २५ मे ला पुन्हा दोन एक्झोसेट आली, तीही विमानवाहू जहाजांच्या शोधात. ब्रिटिश जहाजांनी 'चाफ' उडवला. चाफ म्हणजे बारीक धातूच्या तंतूंचा ढग, जो रडारला जहाजासारखा दिसतो. हल्ला चुकला... आणि जे जहाज सापडलं ते होतं 'अटलांटिक कन्व्हेयर', भाड्यानं घेतलेलं मालवाहू जहाज. त्याच्याकडे ना चाफ, ना तोफा. बारा माणसं गेली, त्यात बरेचसे व्यापारी खलाशी आणि खुद्द कप्तान. आत चिनूक हेलिकॉप्टरं होती, ती जळाली, म्हणून ब्रिटिश सैनिकांना बेटावर पाठीवर ओझी घेऊन चालत जावं लागलं.

हर्मिस वाचली. १२ मे १९८७ ला ती 'आयएनएस विराट' झाली आणि मग तीस वर्षं मुंबईत राहिली. तुमच्यापैकी कित्येकांनी नेव्ही डेला रांगेत उभं राहून ती बघितली असेल. म्हणजे आपण ज्या डेकवर उभं राहून फोटो काढले, तो डेक वाचला आणि त्याऐवजी दुसरंच कुणीतरी गेलं. सीकरला 'हर्मिस' आणि 'अटलांटिक कन्व्हेयर' यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त मोठा परावर्तित सिग्नल कळतो. फसवलेलं क्षेपणास्त्र हवेत विरून जात नाही, ते पुढचा मोठा सिग्नल शोधतं. चाफबद्दल वाचताना पुस्तकात 'यशस्वी बचाव' असं लिहिलेलं असतं. कुणाचा बचाव, हे विचारायला हवं.

(विराटचं पुढे काय झालं? ६ मार्च २०१७ ला मुंबईत निवृत्ती. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींची योजना मंजूर केली. २०२० मध्ये ती अलंगला भंगारात गेली. नो कमेंट्स.)

इराण-इराक युद्धात तर हे प्रकार रोजचे झाले, तेलवाहू जहाजांवर. १७ मे १९८७ ला इराकी विमानानं सोडलेली दोन एक्झोसेट अमेरिकेच्या 'स्टार्क'वर आदळली, ३७ नौसैनिक गेले. तेव्हा अमेरिका आणि इराक यांच्यात युद्धसुद्धा चालू नव्हतं. विमान रडारवर दिसत होतं, पण ते हल्ला करेल असं कुणाला वाटलंच नाही.

आपल्याकडे याची सुरुवात विमानातून नाही, बोटीतून झाली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री नौदलाच्या छोट्या मिसाईल बोटींनी कराचीवर रशियन 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं सोडली. पाकिस्तानच्या 'खैबर' या विनाशिकेला आकाशातून येणारा झोत दिसला तेव्हा तिला ते विमान वाटलं, आणि आपल्यावर विमानहल्ला झालाय असाच संदेश तिनं पाठवला. इतकं हे शस्त्र तेव्हा नवीन होतं! त्याच युद्धात जुन्या 'विक्रांत'च्या विमानांकडे मात्र रॉकेट, बॉम्ब आणि तोफाच होत्या.

विमानांची पाळी आली ऐंशीच्या दशकात. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याला दाबोळीत सी हॅरियर उतरली. मग 'सी ईगल' आलं. सी ईगलमध्ये रॉकेटऐवजी छोटं टर्बोजेट इंजिन, म्हणून पल्ला १०० किलोमीटरच्या वर. सी हॅरियर, पुण्याची जग्वार आणि सी किंग हेलिकॉप्टर, तिघांकडे ते होतं. पलीकडे पाकिस्तानच्याही सी किंगखाली एक्झोसेट होतं. एकाच कंपनीचं हेलिकॉप्टर, दोन्हीकडून तेच काम. विराटवर म्हणूनच पुढे इस्रायलची 'बराक' क्षेपणास्त्रं बसवली गेली, समोरून येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडण्यासाठी.

हेलिकॉप्टरची एक गंमत आहे. जेट विमानातून सुटलेल्या क्षेपणास्त्राला आधीच वेग असतो. हेलिकॉप्टरमधून सुटलेलं क्षेपणास्त्र जवळजवळ दगडासारखं खाली पडायला लागतं. वेग नाही म्हणजे हवेची पकड नाही, आणि पकड नाही म्हणजे पंख वळवून उपयोग शून्य. म्हणून हेलिकॉप्टरच्या सी ईगलला दोन जादा बूस्टर लावावे लागले होते. आपलं नवीन क्षेपणास्त्र, 'एनएएसएम-एसआर', यानं हा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. त्याला मागे घन इंधनाचा बूस्टर आहे, जो काम झालं की गळून पडतो. त्याच्या झोतातच छोट्या पात्या, म्हणजे जेट व्हेन्स. हवेत पकड नाही ना, मग स्वतःच्याच धुराला वळवायचं! नंतर सावकाश जळणारा सस्टेनर.

घन इंधन म्हणजे काय, तर सायकलच्या ट्यूबसारखं रबर. त्यात ऑक्सिजन देणारं अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड कालवलेली. एकदा पेटलं की बंद करता येत नाही. मग जोर कमी-जास्त कसा करायचा? आकारानं. मध्ये चांदणीच्या आकाराचं भोक पाडलं की आतला पृष्ठभाग वाढतो, सगळीकडून एकदम जळतं, जोर प्रचंड पण थोडा वेळ. उदबत्तीसारखं एका टोकाकडून जाळलं की जोर कमी पण बराच वेळ. पाषाणसारख्या ठिकाणी अख्खी करिअर या भोकांच्या आकारात जातात. आणि हे रबर कुठे तडकलं असेल तर? तडा म्हणजे जादा पृष्ठभाग, जादा पृष्ठभाग म्हणजे जादा दाब, आणि मग ते इंधन राहत नाही, बॉम्ब होतो, तोही आपल्याच हेलिकॉप्टरखाली. म्हणून प्रत्येक नळकांड्याचा एक्स-रे काढतात.

या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी १८ मे २०२२ ला ओडिशातल्या चांदीपूरला नौदलाच्या सी किंगमधून झाली. पल्ला साधारण ५५ किलोमीटर. एक्झोसेटसारखा रडार सीकर नाही, तर उष्णतेचं चित्र बघणारा इमेजिंग इन्फ्रारेड सीकर. धातूच्या तंतूंच्या ढगाला तो फसणार नाही, कारण तो रडारचा सिग्नल नाही, आकृती बघतो.

दुसरा रस्ता म्हणजे ताकदीचा. 'ब्रह्मोस' आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगानं जातं, म्हणजे आपले ८५ सेकंद निम्म्याहून खाली येतात. वेग तिप्पट झाला की किलोमागे ऊर्जा नऊपट, त्यामुळे नुसत्या धडकेनंच जहाजाचं काम तमाम. पण वजन अडीच टन! ते सुखोईच्या पोटाला लावायचं तर विमानाची चौकटच मजबूत करावी लागते. हे काम झालं नाशिकजवळ ओझरला, एचएएलमध्ये, आणि २५ जून २०१६ ला ब्रह्मोस घेऊन सुखोई तिथूनच पहिल्यांदा उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरात पहिली चाचणी झाली. मे २०२५ च्या संघर्षात ब्रह्मोस वापरलं गेलं, पण जमिनीवरच्या लक्ष्यांवर. शत्रूच्या जहाजावर विमानातून क्षेपणास्त्र सोडायची वेळ भारतावर आजवर आलेली नाही.

मला स्वतःला ब्रह्मोसपेक्षा ते छोटं भावंड जास्त आवडतं, आणि त्याचं कारण २५ फेब्रुवारी २०२५ ची चाचणी. त्या दिवशी एकापेक्षा जास्त लक्ष्यं जवळजवळ ठेवली होती. क्षेपणास्त्र सुटलं तेव्हा त्याला फक्त दिशा सांगितली होती. वाटेत त्यानं आधी मोठं लक्ष्य पकडलं, म्हणजे फॉकलंडला जसं झालं तसंच, जे मोठं ते माझं. पण या वेळी सीकरला दिसणारं चित्र डेटालिंकवरून हेलिकॉप्टरमधल्या वैमानिकासमोर येत होतं. शेवटच्या टप्प्यात त्यानं ते मोठं सोडून मागे लपलेलं छोटं लक्ष्य निवडलं आणि क्षेपणास्त्र तिथेच जाऊन लागलं. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या माणसाला सगळ्यांनी मिळून मधून काढलं, तो पुन्हा मध्ये आला. जॉयस्टिकवाला, पण आता त्याला लक्ष्याच्या डोक्यावर घिरट्या घालाव्या लागत नाहीत.

अर्थात १९४३ चा दुसरा लोचाही त्याच्याबरोबर परत आलाय: लिंक म्हटली की जॅमिंग आलंच. अशा लिंकला वाचवायचे जगभरातले उपाय आपल्या थर्ड इयरच्या पुस्तकातलेच आहेत. सेकंदाला शेकडो वेळा फ्रिक्वेन्सी बदलत राहणं, म्हणजे फ्रिक्वेन्सी हॉपिंग. अरुंद बीमची अँटेना, जेणेकरून बाजूनं कुणी ओरडलं तरी ऐकू जाऊ नये. आणि लिंक तुटलीच तर सीकरनं शेवटी जे पकडलं होतं त्याच्याकडेच जात राहायचं. इथे डिझाइन करणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं की लिंक तुटल्यावर हल्ला पुरा करायचा की क्षेपणास्त्रानं समुद्रात डुबकी मारायची. तो निर्णय सॉफ्टवेअरमधल्या एका 'इफ' मध्ये बसतो, आणि तो 'इफ' आपल्यासारखंच कुणीतरी लिहितं.